कच्चं काम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाथरूमला लागून असलेल्या खोलीची भिंत खालून हातभर ओली होते, रंगाचे पोपडे निघतात. गवंड्याने टाइल्सच्या सांध्यांत दोनदा पांढरं सिमेंट भरून दिलं, पण दोन-तीन महिन्यांत ओल परत येते. आता काय करावं?

उत्तर : तिसऱ्यांदा सांधे भरून घेऊ नका. सांध्यांतून थोडं पाणी झिरपतच असतं. ते अडवायचं काम टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं, आणि तो थर फसला असेल तर वरून कितीही लिंपलं तरी उपयोग नाही. पण तोडफोडीआधी पाणी नेमकं कुठून येतं ते शोधा. भिंतीवर ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारा, शेजारी तारीख लिहा आणि पुढच्या चाचण्या याच क्रमाने करा.

पहिली चाचणी पाइपची. रात्री घरातले सगळे नळ आणि फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपा. सकाळी तो पुढे सरकलेला असेल तर पाणीपुरवठ्याचा पाइप गळतोय. अशी ओल बाथरूम वापरा वा न वापरा, कमी होत नाही. आकडा तोच असेल तर बाथरूम चार-पाच दिवस कोरडं ठेवा. मग जमीन न भिजवता, नळीने थेट नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतलं, जाळीखालचं सांडपाण्याचं तोंड) आठ-दहा बादल्या पाणी सोडा. दोन दिवसांत ओल रेघेबाहेर गेली तर दोष ट्रॅपमध्ये किंवा सांडपाण्याच्या पाइपमध्ये आहे. तसं झालं नाही तर शेवटची चाचणी जमिनीची. ट्रॅपचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फडक्याने घट्ट बंद करा, 25 मिमी पाणी साठवा (उंबऱ्याच्या खालीच राहू द्या), पातळीची खूण करा आणि 24 तास थांबा. एक-दोन मिमी घट बाष्पीभवनाची असते. त्याहून जास्त घट झाली तर थर फुटलेला आहे. दोन चाचण्यांमध्ये जागा सुकू दिली नाही तर एकीची ओल दुसरीच्या नावावर जाते आणि भलतीच जागा खोदली जाते.

बहुतेक ठिकाणी दोष दोन जागी सापडतो. स्लॅबमधून पाइप जातो त्याभोवतीची पोकळी विटांचे तुकडे आणि साधा माल कोंबून बुजवलेली असते. हा माल सुकताना आकसतो आणि पाइपभोवती बारीक फट राहते. दुसरी जागा जमीन आणि भिंत मिळते ती. तिथे वॉटरप्रूफिंग जमिनीवरच थांबवलेलं असतं. दुरुस्तीसाठी जमिनीच्या टाइल्स आणि भिंतीच्या खालच्या ओळी काढाव्या लागतात, त्याला पर्याय नाही. पाइपभोवतीचा जुना माल पूर्ण काढून तिथे नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना न आकसणारा माल) भरा. कोपऱ्यांत मालाची गोलाई द्या, कारण काटकोनात थर आधी फाटतो. मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट कोटिंगचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याला आडवा. हा थर भिंतीवर किमान 300 मिमी चढला पाहिजे, शॉवरच्या बाजूला 1.8 मीटरपर्यंत. टाइल्स बसवण्याआधी 48 तास पाणी साठवून पाहा. कारागीर घाई करतील, पण या चाचणीवर अडून राहा. टाइल्स बसल्यावर चूक दिसत नाही. उतार ट्रॅपकडे दर मीटरला 10 ते 12 मिमी असावा.

पलीकडच्या भिंतीला रंग लगेच देऊ नका. हातभर चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा. 24 तासांनी भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे. तिच्यावर पुट्टी मारली तर ती सुटणारच.

प्रश्न : हॉलमधल्या विट्रिफाइड टाइल्स ठोकल्यावर काही ठिकाणी पोकळ वाजतात. दोन टाइल्स तर मधोमध उचलल्या आहेत. सगळी फरशी काढावी लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. लाकडी दांड्याने प्रत्येक टाइल मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत ठोका, पोकळ जागी खडूने खूण करा. फक्त मध्यभागी थोडी पोकळ असेल तर राहू द्या. कोपरा पोकळ असेल तर ती टाइल बदला, कारण कपाटाच्या पायाखाली तोच कोपरा तुटतो.

विट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही (0.5 टक्क्याहून कमी), म्हणून साधं सिमेंट तिला धरत नाही. पॉलिमरयुक्त टाइल अॅडहेसिव्ह दातेरी थापीने पसरूनच ती बसवावी. नुसते गोळे ठेवले की मधे पोकळी राहते. टाइलच्या पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसून घ्या. काम चालू असताना अधूनमधून एखादी टाइल उचलून पाहा, निदान 80 टक्के पाठ मालाने माखलेली हवी. टाइल्स उचलल्या जातात त्याचं कारण बहुतेक वेळा कडेला सापडतं. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) काढा. फरशी भिंतीला भिडलेली असेल तर प्रसरणाला जागाच नाही. कटरने 6 ते 10 मिमी फट पाडा आणि स्कर्टिंगने झाका. हे न करता दोन टाइल्स बदलल्या तर पुढच्या दोन उचलतील. टाइल काढताना आधी चारही बाजूंचे सांधे कापा आणि मधून फोडा, म्हणजे शेजारच्या टाइलचा टवका उडत नाही.

प्रश्न : दार कडीच्या बाजूला खाली घासतं. सुतार खालून रंधून देतो म्हणतो.

उत्तर : थांबा. दार लावून वरची फट पाहा. कडीच्या बाजूला ती रुंद असेल तर दार लोंबलंय, म्हणजे दोष वरच्या बिजागरीचा. स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर गोंदात बुडवलेली लाकडी खुंटी ठोकून रात्रभर सुकू द्या आणि दुप्पट लांबीचे स्क्रू लावा. वरची आणि दोन्ही बाजूंची फट सारखी असेल तरच रंधा मारा, आणि कापलेल्या कडेला लगेच रंग द्या. उघडं लाकूड ओल पिऊन फुगतं.

प्रश्न : बटण बंद असतानाही सॉकेटमध्ये टेस्टर पेटतो. वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात.

उत्तर : हे दोन वेगळे दोष असू शकतात, आणि दोन्ही धोकादायक आहेत. पहिल्यात बहुधा बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर लावलंय. टेस्टरची मंद लकाकी फसवी असते, म्हणून मल्टिमीटरने (व्होल्टेज मोजायच्या मीटरने) खात्री करून घ्या. झिणझिण्यांचा अर्थ बहुधा असा की अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत आलेलीच नाही.

परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मेन बंद करून सॉकेट उघडून घ्या. फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल व्होल्टेज जवळपास सारखं आलं म्हणजे अर्थिंग आहे, असं धरू नका. काही कारागीर अर्थच्या पिनेला सॉकेटमध्येच न्यूट्रल जोडून देतात, आणि मीटर तेव्हाही हेच आकडे दाखवतो. न्यूट्रल कुठेही तुटला की मशीनचा पत्राच जिवंत होतो. अशी तार दिसली तर काढायला लावा आणि अर्थची स्वतंत्र तार अर्थ-बारपर्यंत (सगळ्या अर्थ तारा जिथे जोडतात ती पट्टी) ओढून घ्या. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबून पाहा. तो अर्थिंगची जागा घेत नाही. हे काम होईपर्यंत मशीनचा प्लग काढून ठेवा.