काठावरचं राज्य आणि लढतीचं राज्य

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या 'स्विंग स्टेट' आणि 'बॅटलग्राउंड स्टेट' यांना मराठीत काय म्हणावं? दोन्हींना एकच शब्द चालेल का? आणि प्रचारमोहीम एखाद्या राज्यातून अंग काढून घेते तेव्हा 'मोहिमेनं राज्य वाऱ्यावर सोडलं' असं लिहिणं बरोबर आहे का?

आपल्या बातम्यांत 'दोलायमान राज्यं', 'कुंपणावरची राज्यं' असे शब्द येतात. मला दोन्ही खटकतात. कुंपणावर बसतो तो ज्याचं अजून ठरलेलं नाही असा माणूस. पेनसिल्वेनिया या अशाच एका राज्यातल्या बहुतेक मतदारांचं ठरलेलं असतं. फक्त दोन्ही बाजूंचे ठाम मतदार जवळजवळ सारखे असतात, म्हणून निकाल अटीतटीचा होतो. 'दोलायमान'मध्ये झोका आहे: आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. पण विस्कॉन्सिन बघा. १९८८ ते २०१२ अशा सलग सात निवडणुकांत हे राज्य डेमोक्रॅटिक पक्षाकडेच राहिलं. झोका कुठेच नाही. तरी २००० साली तिथे सुमारे २६ लाख मतदान झालं आणि फरक होता ५,७०८ मतांचा. शाळेत ३५ गुण मिळवणाऱ्याला आपण काय म्हणतो? काठावर पास. विस्कॉन्सिन त्या वर्षी असंच काठावर पास झालं. म्हणून 'स्विंग स्टेट'ला माझा शब्द 'काठावरचं राज्य'.

'बॅटलग्राउंड'ला मात्र हा शब्द देऊ नये. इंग्रजी वर्तमानपत्रं दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण मराठीत ते वेगळे ठेवले तर विषय जास्त स्पष्ट होतो. काठावर असणं ही मतदारांची स्थिती आहे. लढत द्यायची की नाही, हा मोहिमेचा निर्णय आहे. अध्यक्ष व्हायला राज्यांना वाटून दिलेल्या एकूण ५३८ इलेक्टोरल मतांपैकी २७० लागतात, आणि मेन व नेब्रास्का सोडले तर राज्यात पहिला येणारा त्या राज्याची सगळी मतं नेतो. त्यामुळे दहा लाखांनी जिंकलं काय किंवा हजाराने, हिशेब सारखाच. उमेदवाराचे दिवस, जाहिरातींचा पैसा आणि घरोघर फिरणारी माणसं मोजकी असतात. ती जिथे ओतायची ठरतात, ते 'लढतीचं राज्य'. २०२४ साली अशी सात राज्यं होती: ॲरिझोना, जॉर्जिया, मिशिगन, नेवाडा, नॉर्थ कॅरोलायना, पेनसिल्वेनिया आणि विस्कॉन्सिन. मिळून ९३ इलेक्टोरल मतं. सातही ट्रम्प यांच्याकडे गेली. (नेब्रास्कात एक-एक मत मतदारसंघानुसार मिळतं. तिथे खरी चुरस असते ती ओमाहा शहराच्या भागात, म्हणून तिथे 'लढतीचा मतदारसंघ' म्हणावं.)

दोन शब्द वेगळे का हवेत, ते २०१६ सालावरून कळतं. उमेदवारी मिळाल्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन प्रचारासाठी विस्कॉन्सिनला एकदाही गेल्या नाहीत. राज्य काठावरचं होतं, त्यांच्या मोहिमेनं ते लढतीचं मानलं नाही. ट्रम्प यांनी ते २२,७४८ मतांनी घेतलं. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हे वाक्य मराठीत लिहिताच येणार नाही.

आता 'वाऱ्यावर सोडणं'. वाऱ्यावर सोडतात ते आपल्यावर अवलंबून असलेल्यांना: मुलंबाळं, पूरग्रस्त, कामगार. त्यात सोडणाऱ्याला दोष आहे, सोडलेल्याची कीव आहे. मोहीम राज्य सोडते तेव्हा सोडते ती जिंकण्याची आशा. त्याला मराठीत नेमका शब्द आहे: पाणी सोडणं. दान देताना हातावरून पळीभर पाणी सोडायचं, की त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. २ ऑक्टोबर २००८ रोजी रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांच्या मोहिमेनं मिशिगनच्या १७ इलेक्टोरल मतांवर असंच पाणी सोडलं. जाहिराती थांबवल्या, माणसं दुसऱ्या राज्यांत हलवली. उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांना ते पटलं नाही आणि त्यांनी तसं उघड बोलूनही दाखवलं. पाणी सोडताना हात थरथरणारा कुणीतरी असतोच, हेही त्या वाक्प्रचारात बसतं.

उलट १९६० साली रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांनी पन्नासही राज्यांत जाण्याचा शब्द दिला होता. कुठेच पाणी सोडायचं नाही, असं ठरवलेलं. तो पाळण्यासाठी मतदानाच्या आदल्या शनिवार-रविवारी ते अलास्काला पोहोचले. अलास्का त्यांनी जिंकलं, त्याची इलेक्टोरल मतं होती तीन. निवडणूक केनेडींनी जिंकली.

राज्याकडे पाठ फिरवण्याचं आणखी एक कारण असतं, आणि त्याला वेगळा शब्द लागतो. कॅलिफोर्नियात दोन्ही पक्ष सभा फारशा घेत नाहीत, निधी गोळा करायला तेवढे जातात. रिपब्लिकनांनी तिथे पाणी सोडलेलं आहे. डेमोक्रॅटांनी ते राज्य गृहीत धरलेलं आहे. बाहेरून दिसणारी शांतता एकच, मनातलं गणित अगदी विरुद्ध. २०२० साली ट्रम्प यांना सगळ्यात जास्त मतं, साठ लाखांवर, याच राज्यातून पडली आणि इलेक्टोरल मत एकही मिळालं नाही.

हक्काच्या राज्याला आपण 'बालेकिल्ला' म्हणतो, तो शब्द उत्तमच आहे. फक्त जपून वापरावा. राजगड चढलेल्यांना माहीत असेल: खाली तटबंदीच्या माच्या, आणि त्यांच्याही वर, शेवटच्या आसऱ्याचा बालेकिल्ला. शत्रू तिथवर आला की गड जवळजवळ गेलाच. तेव्हा मॅसॅच्युसेट्सला डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला म्हणा, पण २०१६च्या विस्कॉन्सिनला नको. ती माची होती, आणि तिच्यावर पहारा नव्हता.

प्रश्नातलं वाक्य मी असं लिहीन: 'मिशिगन काठावरचं होतं, पण ऑक्टोबर उजाडताच मोहिमेनं त्यावर पाणी सोडलं.'