जुना एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) घेतलाय, पंखा फिरतोय. कॉम्प्युटरला जोडायला सुरक्षित आहे का, हे कसं तपासू?

पंखा फिरतो एवढ्यावर विश्वास ठेवू नका. मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा, तेही लोड देऊन (म्हणजे त्यावर वीज खाणारं काहीतरी लावून), आणि तोवर मदरबोर्डला जोडू नका. आधी वीज न लावताच नीट बघा. जळका वास, जाळीतून दिसणारे फुगलेले कपॅसिटर (वीज साठवणारे नळकांड्यासारखे भाग), वितळलेला कनेक्टर, यांपैकी काहीही आढळलं तर तो थेट भंगारात. मागे 115/230 चा स्विच असेल तर तो 230 वरच हवा. मग, बटण बंद असतानाच, 24 पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरला तारेच्या तुकड्याने जोडा आणि वीज सुरू करा. एटीएक्स या पॉवर सप्लायच्या मानकात 5 टक्के कमी-जास्तीची सूट आहे, म्हणजे काळ्या वायरच्या तुलनेत:

- पिवळी: 11.4 ते 12.6 व्होल्ट
- लाल: 4.75 ते 5.25
- नारिंगी: 3.14 ते 3.47

कपॅसिटर सुकलेले असले तरी लोड नसताना हे आकडे बरेचदा बरोबर येतात. म्हणून पिवळ्या-काळ्यावर गाडीच्या हेडलाइटचा 12 व्होल्ट, 55 वॅटचा बल्ब लावून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. मात्र व्होल्टेजमधला रिपल (बारीक, वेगवान चढउतार) मल्टिमीटरवर कळत नाही, त्याला ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लागतो. महागडं ग्राफिक्स कार्ड लावणार असाल तर नवाच घ्या. आणि कृपा करून एसएमपीएसचा डबा उघडू नका: प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असू शकतो.