केंद्रक दिसत नसलेली पेशी आदिकेंद्रकी मानावी का?

प्रश्न : दृश्यकेंद्रकी पेशीत सुस्पष्ट केंद्रक असते, असे आम्ही शिकलो. मात्र मानवी रक्ताच्या काचपट्टीवरील तांबड्या पेशींत ते कोठेच आढळले नाही. मग या पेशी आदिकेंद्रकी, म्हणजे जिवाणूंसारख्या सुस्पष्ट केंद्रक नसलेल्या, म्हणायच्या का? अनोळखी पेशीचा गट ओळखायचा कसा?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : मानवी तांबडी रक्तपेशी दृश्यकेंद्रकीच आहे. अस्थिमज्जेत घडत असताना तिच्यात केंद्रक असते. पक्व होताना ती ते बाहेर टाकते आणि तंतुकणिका, म्हणजे ऊर्जा पुरवणारी अंगके, हीही गमावते. बेडकाच्या किंवा पक्ष्याच्या रक्तातील तांबड्या पेशींत मात्र केंद्रक कायम राहते. तुम्ही पाहिले ते प्रामाणिकपणे मांडलेत, याचे मला फार मोल वाटते, कारण या गोंधळात आपल्या परिभाषेचाही वाटा आहे. ‘युकॅरिओट’ या इंग्रजी संज्ञेतील मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘खरा गर असलेली’ असा होतो, तर ‘दृश्यकेंद्रकी’ म्हटल्यावर केंद्रक डोळ्यांना दिसलेच पाहिजे, असे वाटू लागते.

दृश्यकेंद्रकी पेशींचे खरे वैशिष्ट्य म्हणजे पटलांनी पाडलेले कप्पे. केंद्रकाभोवती छिद्रे असलेले दुहेरी पटल असते आणि आत हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए अनेक रेषाकार गुणसूत्रांत विभागलेला असतो. जिवाणूत मात्र बहुधा एकच वर्तुळाकार डीएनए पेशीद्रव्यात उघडा असतो. अंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल आणि तंतुकणिका हेही असेच पटलबद्ध कप्पे आहेत. तंतुकणिका व हरितलवक (प्रकाशसंश्लेषण करणारे अंगक) यांना बहुधा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो आणि त्यांचे रायबोसोम, म्हणजे प्रथिने बनवणारे कण, पेशीद्रव्यातील रायबोसोमांपेक्षा जिवाणूंच्या रायबोसोमांशी अधिक जुळतात. ही अंगके मुळात मोठ्या पेशीत वस्तीला आलेले जिवाणू होते, हा विचार अमेरिकी जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये नव्याने मांडला आणि आज तो सर्वमान्य आहे.

ओळखताना पेशीभित्तिकेवर विसंबू नये. ती वनस्पती व कवकांप्रमाणे बहुतेक जिवाणूंनाही असते. आकार उपयोगी पडतो : दृश्यकेंद्रकी पेशी साधारणतः १० ते १०० मायक्रोमीटर, तर जिवाणू बहुधा ०.५ ते ५ मायक्रोमीटर असतात. पण ऑस्ट्रिओकॉकस हे शैवाल जेमतेम १ मायक्रोमीटरचे असूनही दृश्यकेंद्रकी आहे, आणि थायोमार्गारिटा हा जिवाणू नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका मोठा होतो. म्हणून केवळ आकारावरून निर्णय देणे मला धोक्याचे वाटते.

प्रकाश सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे ०.२ मायक्रोमीटर असल्याने रायबोसोम त्यातून दिसत नाहीत. जे दिसले नाही, ते आकृतीतही काढू नये. केंद्रक मात्र मिथिलीन ब्लूसारख्या रंजकाने गडद होऊन उठून दिसते. वनस्पतीच्या पेशीत मोठी रिक्तिका (द्रवाने भरलेली पिशवी) त्याला कडेला ढकलते, म्हणून मध्यभागी न सापडल्यास भित्तिकेलगत शोधावे आणि सूक्ष्म समायोजनाचा स्क्रू हळूहळू फिरवत वेगवेगळ्या खोलीवर पाहावे.