वजन कमी करायचं ऑपरेशन करावं की नाही, हे तुम्ही कसं ठरवलंत?

तुम्ही लिहिलंय की वय ४१, उंची १६० सेंटिमीटर, वजन ११८ किलो, चार वर्षांपासून मधुमेह, गुडघे दुखतात, आणि जाता जाता एका ओळीत म्हटलंय की रात्री छातीत जळजळ होते. डॉक्टरांनी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन, सुचवली आहे. आई म्हणते मनावर ताबा ठेव, नवरा म्हणतो आधी ती वजन उतरवणारी इंजेक्शनं घेऊन बघ, आणि तुम्हाला भुलीची आणि टाक्यांची भीती वाटते. मी डॉक्टर नाही. ऑपरेशन करून घेतलेला माणूस आहे, तेवढ्यापुरतंच सांगतो.

हा निर्णय मी दोनदा घेतला. पहिल्यांदा तारीख ठरली होती, तपासण्या झाल्या होत्या, आणि नऊ दिवस आधी मी माघार घेतली. त्यानंतर दोन वर्षांनी ऑपरेशन करून घेतलं, त्याला आता सहा वर्षं झाली. घरच्यांची समजूत अशी की पहिल्यांदा मी घाबरलो आणि दुसऱ्यांदा धीर आला. घाबरलेला मी दोन्ही वेळा होतो, दुसऱ्यांदा तर जरा जास्तच. पहिल्यांदा अडलो ते वेगळ्याच ठिकाणी. बहिणीने सहज विचारलं, "पण हेच ऑपरेशन का?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मलाही स्लीव्हच सांगितली होती. का, तर सोपी आहे, वेळ कमी लागतो, बहुतेक जण हीच करतात. मला वर्षानुवर्षं जळजळ व्हायची, आंबट पाणी घशाशी यायचं. पण ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण वजनापुढे ते किरकोळ वाटायचं. दोन वर्षांनी ज्या दुसऱ्या सर्जनकडे गेलो त्यांनी वजनाच्या आधी विचारलं, "झोपताना उशा किती घेता?" मी म्हटलं तीन. त्यांनी घशातून दुर्बीण घालून जठराची तपासणी करायला लावली. जठराचा वरचा भाग छाती आणि पोटामधल्या पडद्यातून छातीकडे सरकलेला निघाला.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण तुमच्या सगळ्या प्रश्नात मला ती जळजळीची ओळच सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा बाहेर काढतात आणि एक अरुंद नळी उरते. घास कमी मावतो, शिवाय भूक लावणारं घ्रेलिन हे हॉर्मोन बरंचसं त्या कापलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. पण अरुंद नळीत दाब जास्त असतो, आणि दाब वाढला की आम्ल वर चढतं. ज्यांना आधीच जळजळ आहे त्यांची ती वाढू शकते, आणि ज्यांना नव्हती त्यांच्यातल्याही काहींना सुरू होते. काही जणांवर याच कारणासाठी पुढे दुसरं ऑपरेशन करून जठराचा बायपास करायची वेळ येते.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट छोट्या आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, फक्त अन्न तिकडे जात नाही. जळजळीवर हा चांगला उपाय आहे. पण इथे तुमचे गुडघे मध्ये येतात. बायपासनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात, कारण जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. तंबाखू आणि सिगारेटचंही तेच. तुम्ही गुडघ्यांसाठी रोज काय घेता ते लिहिलेलं नाही, ते डॉक्टरांना गोळीच्या नावासकट सांगा. वजन उतरलं की गुडघे बरेच हलके होतात हे खरं, पण त्या भरवशावर गोळी लपवू नका.

म्हणून "करू की नको" याआधी "माझ्या शरीराला कोणतं, आणि का" हे विचारा. त्याचं उत्तर मिळालं की पहिला प्रश्न आपोआप अर्धा सुटतो. निदान माझा तरी सुटला.

पात्रतेचं पटकन सांगतो. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ४६ येतो. १९९१ पासून चालत आलेला नियम ४० च्या वर, किंवा मधुमेहासारखा आजार असेल तर ३५ च्या वर, असा होता. २०२२ मध्ये जागतिक संघटनांनी तो आणखी खाली आणला आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी तर २७.५ पासून विचार करावा असं म्हटलं. तुम्ही कुठल्याही नियमात बसता. बसता म्हणून करायलाच हवं असं अर्थातच नाही.

आता आई. मी ऑपरेशनच्या आधी तीन वेळा वीस-वीस किलो उतरवले आहेत. मनावर ताबा नसलेल्या माणसाला हे जमत नाही. तिन्ही वेळा ते परत आले, व्याजासकट. वजन कमी केलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं. भूक वाढवणारी हॉर्मोन्स वाढतात आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च कमी होतो. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की वजन उतरवून वर्ष झालं तरी ही हॉर्मोन्स पूर्ववत होत नाहीत. आईशी यावर वाद घालू नका, उपयोग होत नाही. माझी आई अजूनही म्हणते की मी "शॉर्टकट" मारला.

नवऱ्याचं म्हणणं मात्र गांभीर्याने घ्या. मी ठरवत होतो तेव्हा ही औषधं आजच्यासारखी हाताशी नव्हती. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. टिर्झेपेटाइड या दुसऱ्या इंजेक्शनाच्या २०२२ च्या चाचणीत सगळ्यात मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत जवळपास २१ टक्के. आज मी तुमच्या जागी असतो तर कदाचित आधी हाच रस्ता चालून बघितला असता. पण सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचं पुढचं वर्ष पाहिलं तेव्हा उतरलेल्या वजनातलं दोन-तृतीयांश परत आलेलं होतं. म्हणजे हेही वर्षानुवर्षं घ्यायचं औषध आहे. सोसतंय का, परवडतंय का, आणि तुम्हाला एवढ्या घटीने पुरेल का, हे नवऱ्यासोबत बसून बघा. इंजेक्शन घेऊन बघितल्याने ऑपरेशनचा दरवाजा बंद होत नाही. उलट ऑपरेशननंतर वजन पुन्हा चढायला लागलं की काहींना हीच औषधं देतात.

आकड्यांमधली एक फसगत सांगतो, मी स्वतः तिला भुललो होतो. "साठ ते सत्तर टक्के वजन कमी होतं" असं तुम्ही ऐकाल. ते एकूण वजनाचं नसतं, अतिरिक्त वजनाचं असतं. तुमच्या उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६४ किलो. त्यावरचे ५४ किलो अतिरिक्त. त्याचे ६० टक्के म्हणजे साधारण ३२. म्हणजे ११८ वरून ८६ च्या आसपास. ऐकताना मात्र माणूस मनातल्या मनात ५० किलोवर पोचलेला असतो! माझी उंची १७०, सुरुवात १३४ वर. दीड वर्षात ८८ झालो, तिथून हळूहळू वर येत आता ९६ वर थांबलोय. तक्त्यात बघाल तर मी अजूनही लठ्ठच आहे. पण बुटाची नाडी स्वतः बांधतो, आणि रात्री एका उशीवर झोपतो.

मधुमेहाबद्दल "बरा होतो" हा शब्द कुणी वापरला तर कान टवकारा. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध चाचणीत पाच वर्षांनंतर एचबीए१सी (रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर) ६ टक्के किंवा त्याखाली किती जणांचं होतं, तर बायपासवाल्यांत २९ टक्के, स्लीव्हवाल्यांत २३ टक्के आणि नुसत्या औषधांवर असलेल्यांत ५ टक्के. फरक मोठा आहे, पण २९ म्हणजे शंभर नाही. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. मधुमेह जितका अलीकडचा आणि इन्सुलिन अजून लागलेलं नसेल, तितकी साखर ताब्यात येण्याची शक्यता जास्त. आयुष्याचं म्हणाल तर स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो लोकांचा माग ठेवला आहे. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षात ऑपरेशन केलेले लठ्ठ लोक न केलेल्यांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगतात असं दिसलं, तरीही सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षं कमीच.

तुमची भीती. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांच्या २००९ च्या अभ्यासात पहिल्या ३० दिवसांत मृत्यूचं प्रमाण हजारात तीन होतं, आणि अनुभवी हातांत ते आता त्याहून कमी आहे. जठर कापून जिथे स्टेपल मारतात त्या रेषेतून गळती, रक्तस्राव आणि पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, ही तीन नावं लक्षात ठेवा. त्यासाठीच ऑपरेशनच्या दिवशीच उठून चालायला लावतात. घरी आल्यावर नाडी विनाकारण जोरात चालत असेल तर ताप यायची वाट न बघता फोन करा. भुलीबद्दल म्हणाल तर तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, याची तपासणी आधी करून घ्या. भूलतज्ज्ञाला ते माहीत असणं फार गरजेचं असतं.

पण मला विचाराल तर भीती वाटायची ती पहिल्या महिन्याची नको, तिसऱ्या वर्षाची वाटायला हवी. पहिलं वर्ष मजेत जातं. काटा दर आठवड्याला खाली, लोक ओळखत नाहीत. मधे तीन-चार महिन्यांच्या सुमारास केस मूठभर गळतात, नंतर येतात. तिसऱ्या वर्षी मला वाटलं, आता सगळं रुळावर आलं, आणि मी गोळ्या सोडल्या. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, सगळ्या. ठरवून नाही, डबा संपला तो आणलाच नाही. दहा महिन्यांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. बी-१२ तळाला गेलं होतं, हिमोग्लोबिनही. इंजेक्शनांवर चार महिने काढले आणि एका अंगठ्याचा बधिरपणा अजून पुरता गेलेला नाही. चूक सर्वस्वी माझी होती. या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभराच्या असतात हे मला सांगितलं होतं, मी त्यावर सहीसुद्धा केली होती.

दुसऱ्या वर्षी पित्ताशयात खडे होऊन तेही काढावं लागलं. वजन भराभर उतरलं की खडे होतात, ते टाळायला काही महिने गोळी देतात, त्याबद्दल विचारा. कातडी लोंबते, व्यायामाने ती आत जात नाही. रोजचं म्हणाल तर खूप चावायचं, प्रथिनं आधी, जेवणासोबत पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. बायपासनंतर गोड जास्त झालं तर घाम, धडधड, अंथरुणात पडून राहावंसं वाटणं. त्याला डम्पिंग म्हणतात. दोनदा झालं की माणूस आपोआप शहाणा होतो. मूल हवं असा विचार असेल तर ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात.

आणि मन. याबद्दल कमी बोललं जातं. अमेरिकेतल्या २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन केलेल्यांत आजारांमुळे होणारे मृत्यू खूप कमी झाले, पण अपघात, आत्महत्या असे मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त दिसले. दारूही बायपासनंतर पटकन आणि जोरात चढते, आणि काहींना तिचं व्यसन लागतं. पहिल्या वेळी समुपदेशकाकडे गेलो तेव्हा मी परीक्षेला बसल्यासारखा छान छान बोललो. रात्री बारा वाजता उठून अंधारात खातो, हे सांगितलंच नाही. वाटलं, सांगितलं तर नापास करतील. दुसऱ्या वेळी सांगितलं. त्यांनी नापास केलं नाही. चार महिने थांबायला लावलं आणि दर पंधरा दिवसांनी बोलावलं. त्या चार महिन्यांत जे बोलणं झालं ते मला आजही कामी येतं.

सर्जनकडे जाल तेव्हा माझ्याकडून एवढं विचारा: स्लीव्ह आणि बायपास यांतलं माझ्यासाठी काय, आणि जळजळ असताना का? आधी दुर्बिणीने बघणार का? पाचव्या वर्षी माझ्या तपासण्या कोण बघणार? आणि मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, जो मी दुसऱ्या सर्जनना विचारला: "तुम्ही ऑपरेशनला नाही कुणाला म्हणता?" त्यांनी लगेच तीन प्रकारचे रुग्ण सांगितले. पहिल्या ठिकाणी मी हा प्रश्न विचारलाच नव्हता, त्यामुळे तिथे काय उत्तर आलं असतं ते देव जाणे.

शेवटी तुम्ही विचारलंय, खूप दुखतं का. पोटाला पाच छोटी भोकं होती, ती फारशी दुखली नाहीत. दुखला तो उजवा खांदा, दोन दिवस, चांगलाच. पोट फुगवायला आत कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने पडदा चिडतो आणि कळ खांद्यात येते. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, मी रात्री दोन वाजता नर्सला उठवून विचारलं की खांद्याचंही ऑपरेशन केलं का.