पक्षाघातानंतर ताई ची आणि बादुआनजिन : वाचकांच्या शंका

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. ते काठी घेऊन चालतात, पण वळताना तोल जातो. ताई चीचा, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचा, उपयोग होईल का?

उत्तर : होण्याची शक्यता चांगली आहे, आणि तीही नेमकी तोलाच्या बाबतीत. झटक्यानंतर रुग्ण नकळत सगळा भार चांगल्या पायावर टाकू लागतो. ताई चीत मात्र गुडघे किंचित वाकवून हा भार अतिशय सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो आणि त्याच वेळी धडही वळते, म्हणजे वडिलांचे जिथे अडते त्याचाच तो सराव असतो. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पक्षाघातातून सावरलेल्या १४५ जणांचे तीन गट केले होते. १२ आठवड्यांत पडण्याच्या घटना ताई चीच्या गटात ५, इतर व्यायामाच्या गटात १४ आणि केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १५ नोंदल्या गेल्या. आकडे लहान आहेत, तेव्हा त्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. चीनमध्ये १९५६ साली सुटसुटीत केलेला २४ हालचालींचा क्रमही लगेच पाठ करण्याची गरज नाही. दोन-तीन हालचाली पुरेत. समोर भक्कम खुर्ची असावी आणि दुर्बळ बाजूला कोणीतरी उभे राहावे.

प्रश्न : आईला उभेच राहता येत नाही. मग हा विषय संपला का?

उत्तर : नाही. ताई ची बसूनही करता येते. चीनमधील कुनमिंग येथील संशोधकांनी १६० रुग्णांवर केलेली चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १२ आठवडे बसून ताई ची करणाऱ्यांच्या हाताच्या हालचाली आणि बसतानाचा तोल नेहमीचे पुनर्वसन घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील अशी, न हलणारी खुर्ची घ्यावी.

प्रश्न : व्हिडिओ पाहून बादुआनजिन या चिनी व्यायामाचे आठही प्रकार सुरू केले आणि लुळ्या हाताचा खांदा दुखू लागला. करत राहू का?

उत्तर : तूर्त थांबा आणि खांदा तपासून घ्या. पक्षाघातानंतर स्नायू सैल पडल्याने खांद्याचा सांधा जागेवरून किंचित सरकलेला असू शकतो. पहिल्याच प्रकारात दोन्ही हात डोक्यावर ताणायचे असतात; तिथे चांगल्या हाताने लुळा हात ओढून वर नेला, तर दुखणे वाढते. फिजिओथेरपिस्टने परवानगी देईपर्यंत हात खांद्याच्या पातळीखालीच ठेवा. पुढे वाकून पाय धरण्याच्या प्रकारात डोके खाली जाते, तर शेवटच्या प्रकारात टाचा उचलून जमिनीवर आपटल्या जातात; रक्तदाब वाढलेला असेल किंवा हाडे ठिसूळ असतील, तर हे दोन्ही वगळलेले बरे. व्हिडिओतल्या निरोगी शिक्षकाशी बरोबरी करण्याचे काहीच कारण नाही. श्वास मात्र कुठेही रोखून धरू नका, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो.

प्रश्न : हे लवकरात लवकर, रुग्णालयातच सुरू केले तर? आणि मग फिजिओथेरपी बंद करता येईल का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही. झटक्यानंतर पहिल्या २४ तासांतच रुग्णांना वारंवार उठवून हालचाल करायला लावण्याची पद्धत एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तपासली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी चांगले सावरलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा कमी होते. सुरुवात केव्हा करायची हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावे. हे व्यायाम फिजिओथेरपीच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या जोडीला असतात, त्यांच्या जागी नव्हे. व्यायाम करताना बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हातापायातली ताकद अचानक गेली, तर विश्रांतीने बरे वाटेल अशी वाट न पाहता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या.