रात्री अडीचला एक्स्टेंशन 100 वरून कोण फोन करतंय?

यावेळी इंटरनेटवर चालणाऱ्या ऑफिस फोनबद्दल ढीगभर प्रश्न आलेत आणि जवळपास सगळ्यांना एकच धास्ती आहे, आपलं बोलणं कुणी ऐकत तर नाही ना. ऐकू शकतं, त्याबद्दल खाली लिहिलंय. पण चोराला तुमच्या कोटेशनच्या गप्पांमध्ये काडीचा रस नसतो हो, त्याला तुमच्या लाइनवरून स्वतःचे कॉल करायचे असतात आणि बिल तुमच्या नावावर फाडायचं असतं.

प्रश्न : ऑफिसात नवीन आयपी फोन बसवले. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ते आपोआप वाजतात असं वॉचमन सांगतो. स्क्रीनवर 100 नाहीतर 1001 नंबर, उचलला की पलीकडे कुणी नाही. ऑफिसच्या एक्स्चेंजच्या (सगळे एक्स्टेंशन जोडणाऱ्या सर्व्हरच्या) कॉल लिस्टमध्ये नोंदही नाही. फोन खराब आहेत का?

फोन ठणठणीत आहेत, आणि वॉचमनला सांगा भूतबीत काही नाही. इंटरनेटवर असे प्रोग्राम चोवीस तास फिरत असतात जे एकेक आयपी ॲड्रेस घेऊन त्याचा 5060 नंबरचा पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, ठोठावून बघतात, कारण हे फोन ज्या एसआयपी पद्धतीने कॉल जोडतात तिचा ठरलेला पोर्ट तोच. तुमचे फोन राउटरमधून बाहेर उघडे पडलेत, प्रोग्रामने सरळ फोनलाच कॉल टाकला आणि तो बिचारा वाजला. कॉल एक्स्चेंजमधून आलाच नाही मग तिथे नोंद कुठून असणार! पलीकडे माणूसही नसतो, इथे कोणी उत्तर देतं का एवढंच त्याला बघायचं असतं.

राउटरमध्ये कुणी फोनसाठी पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेलं सरळ फोनकडे पाठवायची सोय, करून ठेवलंय का ते आधी बघा, बसवणारे घाईत असले की 'चालतंय ना' म्हणून हे करून मोकळे होतात, ते काढून टाका. मग फोनच्या सेटिंग पेजवर 'फक्त सर्व्हरकडूनच कॉल घ्यायचे' अशा अर्थाचा ऑप्शन बहुतेक मॉडेलमध्ये असतो तो चालू करा आणि डायरेक्ट आयपी कॉल बंद करा. त्या पेजचा पासवर्ड अजून ॲडमिन-ॲडमिनच असेल तर तो आधी बदला, बाकी सगळं नंतर. नुसता पोर्ट नंबर बदलला तर कटकट कमी होते, थांबत नाही.

प्रश्न : आमचे कॉल कुणी टॅप करू शकतं का? व्हेंडर म्हणतो एन्क्रिप्शन चालू करायला वेगळं सेटिंग लागेल. करून घ्यावं का?

करून घ्याच. एन्क्रिप्शन, म्हणजे आवाज कुलूपबंद करून पाठवणं, नसेल तर तो आरटीपीच्या (आवाज वाहून नेणाऱ्या पद्धतीच्या) पॅकेटमधून उघडाच जातो, आणि नेटवर्कवर मधे बसून ज्याला ती पॅकेट पकडता आली त्याला ती वायरशार्कसारख्या फुकट टूलमध्ये चक्क प्ले करून ऐकता येतात. उपाय म्हणजे एसआरटीपी, त्याने आवाज एन्क्रिप्ट होतो. पण व्हेंडरला एक विचारा, सोबत टीएलएस, म्हणजे कॉल जोडायचे मेसेज एन्क्रिप्ट करणारी सोय, पण देताय ना? कारण सर्रास वापरतात त्या पद्धतीत एसआरटीपीची किल्ली कॉल जोडायच्या मेसेजमधूनच जाते, आणि तो मेसेज उघडा असेल तर कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवल्यासारखं झालं. आणि हेही लक्षात ठेवा की हे संरक्षण तुमच्या प्रोव्हायडरपर्यंतच, म्हणजे लाइन देणाऱ्या कंपनीपर्यंतच, समोरचा साध्या लाइनवर असेल तर पुढे आवाज नेहमीसारखाच जातो.

आता मूळ दुखणं. एक्स्टेंशन 101, त्याचा पासवर्डही 101, असं आजही सर्रास सापडतं. वर जो प्रोग्राम सांगितला तो उत्तर मिळालं की पुढे पासवर्ड लावून बघायला लागतो, न थकता, आणि एकदा का घुसला की शुक्रवारी रात्री ऑफिस बंद झाल्यावर तुमच्या एक्स्चेंजमधून परदेशातल्या महागड्या नंबरांवर धडाधड कॉल सुरू, एकाच वेळी दहा-दहा. त्या नंबरांवर आलेल्या प्रत्येक मिनिटाचा वाटा चोराला मिळतो, म्हणून हा सगळा खटाटोप. सोमवारी सकाळी तुम्ही येता तोवर मीटर पळून झालेला असतो, आणि कॉल तुमच्याच अकाउंटवरून गेलेत म्हणून प्रोव्हायडर बहुतेक वेळा पैसे तुमच्याकडेच मागतो.

त्यामुळे आंतरराष्ट्रीय कॉल लागत नसतील तर प्रोव्हायडरकडूनच बंद करून घ्या, लागत असतील तर फक्त लागणारे देश उघडे ठेवा, आणि रोजच्या खर्चाला, एकावेळी किती कॉल जातील त्याला मर्यादा घालून घ्या. पासवर्ड लांबलचक आणि आडवातिडवा ठेवा, कुणाला तो पाठ करायचाय, तो फोनमध्ये एकदाच टाकायचा असतो. चार-पाच वेळा चुकीचा पासवर्ड आला की तो आयपी ब्लॉक, हे फेल-टू-बॅनसारख्या प्रोग्रामने होतं. आणि व्हॉइसमेलचा पिन! तो 1234 असेल आणि व्हॉइसमेलमधून बाहेर कॉल लावायची सोय चालू असेल तर चोराला बाकी काही फोडायची गरजच नाही. बाहेरच्या नंबरवर कॉल फॉरवर्ड करायची मुभाही सगळ्यांना नको.

प्रश्न : कॉल लागतो, बोलणं सुरू होतं आणि दरवेळी साधारण अर्ध्या मिनिटाने कट. इंटरनेट तर फास्ट आहे.

स्पीडचा संबंध नाही. दरवेळी तेवढ्याच वेळाने कट होतोय ना, तिथेच उत्तर आहे. कॉल उचलला गेला की उचलणारी बाजू 'उचलला' असं कळवते आणि त्याची पोच यायला हवी, एसआयपीच्या नियमात त्या पोचेची वाट 32 सेकंद बघतात, नाही आली की कॉल तोडून टाकतात. पोच मधे हरवते ती बहुतेक वेळा राउटरमुळे. त्यात एसआयपी एएलजी नावाचं फीचर असतं, मदतीसाठी दिलेलं पण मेसेजमधले पत्ते चुकीचे बदलून ठेवणारं, ते बंद करा आणि राउटर रीस्टार्ट करा. एकाच बाजूचा आवाज येतो ही तक्रारही बऱ्याचदा यानेच मिटते.

प्रश्न : फीचर्सची यादी भलीमोठी आहे, कामाचं काय? आणि लाइट गेली तर?

रिंग ग्रुप, म्हणजे एक कॉल चार टेबलांवर वाजणार, हा कामाचा. विचारून ट्रान्सफर करायची सोय कामाची, कारण न विचारता ढकललेला कॉल परत रिसेप्शनवरच येऊन पडतो. 'अमुकसाठी एक दाबा' वालं मेन्यू तीन-चार ऑप्शनच्या पुढे नेऊ नका, लोक वैतागून शून्य दाबत बसतात. मोबाइल ॲपवर एक्स्टेंशन घेता येतं हे तर सगळ्यात भारी, फक्त मोबाइल हरवला किंवा माणूस नोकरी सोडून गेला की त्या दिवशीच त्या ॲपचं एक्स्टेंशन बंद करायचं, हे काम कुणाचं ते आधीच ठरवा.

लाइट गेली की हे फोन मुके. नेटवर्कच्या वायरमधूनच वीज घेणारे असतील तर नेटवर्कचा स्विच, राउटर आणि एक्स्चेंज ऑफिसातच असेल तर तेही यूपीएसवर टाका, फोन आपोआप चालू राहतात. तरी एक मोबाइल हाताशी असू द्या, इमर्जन्सीला इंटरनेट फोनवरून तुमचा खरा पत्ता पलीकडे दिसेलच असं नाही.

प्रश्न : जुने आयपी फोन विकायचेत, काही पुसायला लागतं का?

हो, फॅक्टरी रीसेट. आत सर्व्हरचा पत्ता, एक्स्टेंशन आणि पासवर्ड सगळं साठवलेलं असतं, विकत घेणाऱ्याने नुसता नेटला जोडला आणि तुमचा सर्व्हर बाहेरून लॉगिन घेत असला तर तो तुमचं एक्स्टेंशन होऊन बसतो. रीसेट झाल्यावर सर्व्हरवरूनही ती एक्स्टेंशन्स डिलीट करा, किंवा नवीन फोनला तीच द्यायची असतील तर पासवर्ड बदलून द्या.