५जीमध्ये ‘गोपनीयता’ की ‘खासगीपणा’?

प्रश्न असा: ५जी जाळ्यांवरच्या लेखात ‘सिक्युरिटी’ला सुरक्षा म्हटलं, मग ‘प्रायव्हसी’ला गोपनीयता म्हणावं की खासगीपणा? आणि सिमच्या लपवलेल्या क्रमांकाला ‘गुप्त क्रमांक’ चालेल का?

खासगीपणा लिहा. (‘खाजगीपणा’ लिहिलंत तरी बिघडत नाही.) मंत्री गोपनीयतेची शपथ घेतात ती हाती आलेली माहिती न फोडण्याची. मोबाइलच्या संदर्भात हा शब्द संभाषण आणि डेटा कूटबद्ध (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा) ठेवण्यासाठी राखून ठेवावा. ते ४जीतही होतंच. मजकूर कोणाला वाचता आला नाही, तरी अमुक सिम आत्ता अमुक चौकात आहे हे कळू शकतं. तो प्रश्न खासगीपणाचा.

४जीत पहिल्या नोंदणीच्या वेळी, किंवा जाळ्याने मागितला की, फोन सिमचा कायमचा १५ अंकी क्रमांक, म्हणजे आयएमएसआय, उघडाच पाठवतो. नकली टॉवर लावून तो टिपता येतो. ५जीत त्यातला ग्राहकाचा भाग सेवा कंपनीच्या सार्वजनिक किल्लीने (जिने झाकता कोणालाही येतं, उघडता फक्त कंपनीला) कूटबद्ध करता येतो. सुरुवातीचे देशाचे अंक (भारतात ४०४ किंवा ४०५) आणि पुढचे कंपनीचे अंक मात्र उघडेच राहतात, नाहीतर रोमिंगमध्ये विनंती कुठे धाडायची हेच कळणार नाही. म्हणून ‘गुप्त’ सैल वाटतो, ‘झाकलेला क्रमांक’ नेमका. झाकण दर वेळी नवं असतं, कारण त्यासाठी दर वेळी नवी तात्पुरती किल्ली तयार होते. तेच झाकण पुन्हा वापरलं तर तीच ओळख ठरेल!

‘निनावी’ मात्र साफ चूक. कंपनीच्या केंद्रात झाकण निघतंच. नोंदणीनंतर फोनला मिळणारा तात्पुरता क्रमांक ‘टोपण क्रमांक’ म्हणून खुशाल लिहा.

आणि ‘५जीत क्रमांक झाकलेला असतो’ असं सरसकट वाक्य नको. नॉन-स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराने चालणाऱ्या ५जीचा गाभा (जाळ्याची मध्यवर्ती यंत्रणा) ४जीचाच, त्यामुळे नोंदणी जुन्याच पद्धतीने होते. स्टँडअलोनमध्येही, म्हणजे स्वतःचा गाभा असलेल्या ५जीत, मानकाने ‘नल स्कीम’ची (काहीच न झाकण्याच्या पद्धतीची) मुभा ठेवली आहे: साचा झाकलेल्या क्रमांकाचा, आत अंक जसेच्या तसे. सिममध्ये कंपनीची किल्ली भरलेली नसेल तर हेच होतं. तेव्हा ‘झाकता येतो’ इतकंच लिहा.